दुखतं म्हणजे काय?

आमच्या विभागात संशोधन-प्रशिक्षणाच्या दोन जागा होत्या आणि आम्हाला बसायला दिलेल्या खोलीला खिडकी एकच होती. ती त्याला मिळाली. पहिल्या दिवशी मी वेळेच्या बरंच आधी येऊन खिडकीजवळच्या टेबलावर माझा लॅपटॉप आणि पाण्याची बाटली ठेवली होती. दुसऱ्या जागेवरचा तो आला अकराच्या सुमाराला. हातात हेल्मेट, आणि हेल्मेटच्या आत डबा. डबा खाली ठेवला तसा खोलीभर सुक्या जवळ्याचा वास पसरला. आमच्या विभागप्रमुख मॅडम तेवढ्यात दारात आल्या, त्यांनी हवा हुंगली आणि म्हणाल्या, "तू बस रे खिडकीशी. वास तरी बाहेर जाईल." मी लॅपटॉप उचलला आणि भिंतीकडच्या टेबलावर गेले. जवळा आणणाऱ्याला खिडकी आणि पोळी-भाजी आणणारीला भिंत. पुढची सगळी वर्षं साधारण अशीच गेली.

अंधेरीतल्या एका मोठ्या ट्रस्टच्या हॉस्पिटलातली ही गोष्ट. एमडी झाल्यावर बहुतेक जण हृदय, मूत्रपिंड, पोट अशा भारदस्त अवयवांमागे लागतात. मी आणि तो सांध्यांकडे वळलो. या शास्त्राला रुमॅटॉलॉजी म्हणतात असं मी घरी सांगितलं तेव्हा माझ्या काकांनी विचारलं होतं, "म्हणजे रूमचं काय असतं?" सांधे धरणं, सुजणं, बोटं वाकडी होणं हे सगळं आपल्याकडे 'वात' या एका शब्दात गुंडाळून ठेवलेलं असतं, आणि वाताला तेल चोळायचं असतं, डॉक्टरकडे जायचं नसतं. त्यामुळे या विषयात डॉक्टर कमी, संशोधन करणारे त्याहून कमी, आणि तरुण डॉक्टरला पेशंट बघताबघता संशोधन शिकवणाऱ्या जागा तर बोटावर मोजण्याइतक्या. आमच्याकडच्या दोन जागांपैकी एक माझी असणार हे मी गृहीतच धरलं होतं. बालवाडीपासून मी पहिली येत आले होते. दुसरी जागा कुणाला मिळते याची मला फिकीर नव्हती. ती फिकीर असायला हवी होती.

तो भांडुपचा. मूळ मालवणकडचा, आजोबा गिरणीत होते. देह आडवा, शर्ट चौकटीचा, आणि अक्षर इतकं बारीक की सिस्टर त्याची चिठ्ठी खिडकीशी नेऊन वाचायच्या. एरवी आमच्यासारखंच मुंबईचं मराठी बोलायचा, पण फार खूश झाला किंवा फार चिडला की मालवणीत शिरायचा. मला तो नावाने हाक मारत नसे. "काय टॉपर," म्हणायचा, नाहीतर नुसतं "गो."

त्याचा पहिला विचित्रपणा म्हणजे ओपीडीत तो डॉक्टरच्या खुर्चीत बसायचाच नाही. बाहेर पेशंटांचा लांब बाक होता, त्यावर मधेच कुठेतरी जाऊन बसायचा, दोन बायकांच्या मधे, गळ्यातला स्टेथोस्कोप खिशात कोंबून. पेशंट त्याला कुणाचा तरी भाऊ नाहीतर जावई समजायचे. एकदा नव्या सिस्टरने त्याला नंबर आल्याशिवाय आत जायचं नाही म्हणून दरडावलं आणि तो मुकाट्याने पुन्हा जाऊन बसला. आत मी एकटी पेशंट काढत होते. बाहेर येऊन मी म्हटलं, "अरे, गर्दी बघ की. वाट लागली माझी आत."

"घाय कसली गो? सांधो खंय पळान जाता?"

त्याचा दुसरा विचित्रपणा, आणि खरं म्हणजे मुख्य तोच, असा होता की 'दुखतं' हा शब्द त्याला चालायचा नाही. कुणी "दुखतं" म्हटलं की तो विचारायचा, "दुखतं म्हणजे काय?" हे विचारताना त्याच्या चेहऱ्यावर खरंच न कळल्यासारखा भाव असायचा. माणूस गोंधळायचा, थोडा चिडायचा, आणि मग आत कुठेतरी जाऊन शब्द शोधून आणायचा. ठणकतं. सलतं. चमक मारते. कळ येते. सणक भरते. रग लागते. शिवशिवतं. आतून कुणी पिळतंय असं वाटतं. त्याला शब्द मिळाला की तो मान डोलवायचा, एखाद्या दुकानदाराने नेमका हवा तो स्क्रू काढून दिल्यासारखी.

आमची सगळ्यांची पद्धत वेगळी होती. जगभर आहे तीच. पेशंटला विचारायचं, शून्य म्हणजे काहीच दुखत नाही आणि दहा म्हणजे सहन होत नाही एवढं, तर तुमचं किती? पेशंट म्हणतो पाच. आपण पाच लिहायचे. माझ्या मते ही उत्तम पद्धत आहे. तो म्हणायचा, "भांडुपात कुणाला आकड्यात दुखत नाही. आकडा विचारला की माणसं भाव केल्यासारखी मधला सांगतात." मी म्हणायचे, "मग शब्दांचा काय आलेख काढणार आहेस?" तो म्हणायचा, "नाय काढूचो," आणि डबा उघडायचा.

त्याचं हे वेड हॉस्पिटलभर पसरलं होतं. गेटवरचा वॉचमन, लिफ्टवाला, कँटीनमधली बाई, सगळे त्याला लांबूनच आपले शब्द ओरडून सांगायचे. एकदा मॅडमचं डोकं दुखत होतं. मॅडम म्हणजे अशी बाई की त्यांच्यासमोर शिकाऊ डॉक्टर बसायचेसुद्धा नाहीत. हा सरळ म्हणाला, "दुखतंय म्हणजे काय, मॅडम? ठणकतंय की जड झालंय?" मला वाटलं, आता ह्याचं काही खरं नाही. मॅडमनी डोळे मिटले, खूप वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "भणभणतंय रे." मग स्वतःशीच हसल्या. "आमची आजी म्हणायची हा शब्द. कित्येक वर्षांत उच्चारला नव्हता." त्या दिवशी माझंही डोकं दुखत होतं. मला कुणी काही विचारलं नाही.

रात्री जेवताना मी घरी हे सगळं सांगायचे. मुलुंडला आमचं घर, मी आणि आई दोघीच; बाबा जाऊन काही वर्षं झाली होती. मी त्याच्या तक्रारी सांगायचे आणि आई त्या गोष्टी ऐकल्यासारख्या ऐकायची. वाढायला घेतलं की तिचा पहिला प्रश्न असायचा, "आज काय म्हणाला गं तुझा तो भांडुपचा?" माझ्या सोनोग्राफीबद्दल तिने असं कधी विचारलं नाही.

सोनोग्राफी हा माझा अभ्यास होता. बोटांच्या सांध्यांवर मशीन लावलं की आतली सूज पडद्यावर दिसते, रक्त किती वाहतंय ते लाल ठिपक्यांत दिसतं. पेशंट "बरं आहे" म्हणत असला तरी सांध्यात आग धुमसत असू शकते, आणि ती वेळेत दिसली तर बोटं वाकडी होण्याआधी औषध वाढवता येतं. हा चांगला अभ्यास होता. मी त्यावर जीव ओतला होता. त्याचा अभ्यास होता पेशंटांचे शब्द. त्याला तो विषय मांडताही येत नव्हता. तो कागदावर काही उतरवायचाच नाही. स्कूटरवरून जाता-येता जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरच्या सिग्नलला थांबून फोनमध्ये बोलून ठेवायचा, एवढंच. पेशंटचं नाव नाही, गाव नाही, फक्त शब्द आणि तो कशासाठी आला ते. मॅडम मात्र आठवड्याच्या मीटिंगला माझे तक्ते बघून "छान" म्हणायच्या आणि त्याच्याकडे वळून विचारायच्या, "या आठवड्यात काय मिळालं?" ते 'छान' आणि तो प्रश्न यांत किती अंतर होतं, ते मोजायचं मशीन माझ्याकडे नव्हतं.

वाकोल्याची एक बाई माझ्या अभ्यासात होती. शाळेच्या गणवेशांना काजं-बटणं करायची. आली तेव्हा तिला सुई धरता येत नव्हती, आणि चार-पाच महिन्यांत ती पुन्हा कामाला लागली होती. पडद्यावरचे तिचे लाल ठिपके जवळजवळ विझले होते. माझ्या सगळ्या पेशंटांत तिचा आलेख सर्वांत सुंदर होता. त्या दिवशी तिची तपासणी होती, ती बाहेर बाकावर बसली होती, आणि तो नेहमीसारखा तिच्या शेजारी जाऊन बसला.

पुढचं मला नंतर तिनेच सांगितलं. त्याने विचारलं, "हात काय म्हणतायत आज?" ती म्हणाली, "हात बरे आहेत. दुखतं ते तोंडात."

"दुखतं म्हणजे काय?"

"भगभगतं. पाणी गिळवत नाही."

तो उठून उभा राहिला. खिशातला टॉर्च काढून तिथेच बाकावर तिच्या तोंडात बघितलं. जीभ, गाल, सगळं सोललेलं. आमच्या या आजारात एक गोळी असते, आठवड्यातून एकदाच घ्यायची. फार गुणकारी, पण रोज घेतली तर जिवावर बेतते. रक्त तयार होणंच थांबतं. त्याने विचारलं, "आठवड्याची गोळी कधी घेता?" ती म्हणाली, "रोज सकाळी. इथल्या गोळ्या संपल्या म्हणून घराजवळच्या दुकानातून आणल्या, दुकानदार म्हणाला रोज एक."

मी आतून तिचं नाव पुकारलं तेव्हा बाक रिकामा होता. तो तिला व्हीलचेअरवर घालून स्वतः ढकलत वॉर्डात घेऊन गेला होता. मी धावत गेले तर सलाईन लागलेली, रक्त तपासायला गेलेलं, आणि हा तिच्या नवऱ्याशी फोनवर बोलत होता. रक्ताचा रिपोर्ट आला तो बघून मॅडमचाही चेहरा उतरला. अजून दोन दिवस गेले असते तर तिला वाचवणं कठीण होतं. उतारा दिला, जपलं, आणि ती हळूहळू उठून बसली.

माझ्या प्रश्नावलीत तोंडाबद्दलचा प्रश्न होता. सांधे तपासून झाल्यावर मी तो विचारणारच होते. हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगितलं. सगळे म्हणाले, हो, हो, विचारलंच असतंस. कुणी नाही म्हटलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

तिला घरी सोडलं त्या दिवशी नवरा पेढे घेऊन आला. अर्थात त्याच्यासाठी. त्याने तो पुडा आणून माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाला, "पेशंट तुझी. पेढे तुझे." इतक्या सहज म्हणाला की त्यात टोमणा शोधायला गेले तर सापडेना. पुढच्या सोमवारी मॅडमनी नियम केला की यापुढे सर्वांनी आकडा विचारण्याआधी शब्द विचारायचा. माझ्या सोनोग्राफीच्या तक्त्यात, लाल ठिपक्यांच्या शेजारी, एक नवा रकाना आला. मी बनवलेल्या तक्त्यात त्याचा रकाना.

आमची प्रशिक्षणाची वर्षं संपत आली तेव्हा पुढची एक जागा जाहीर झाली. एकच. पूर्णवेळ संशोधनाची, परदेशातल्या एका विद्यापीठाच्या जोडीने, शेवटी पीएचडी. अशी जागा आमच्या विषयात सहसा निघत नाही. निघाली की माणसाचं आयुष्य त्या बाजूला वळतं. मी अर्ज महिनाभर घासला. आरशासमोर बोलून बघितलं. तो शेवटच्या दिवशी अर्ज भरत होता आणि मला विचारत होता, "इथं उद्दिष्टं म्हणून काय लिहायचं गं?" मी सांगितलं. खरं तेच सांगितलं.

मुलाखत माझी झकास झाली. कुणी अडवलं नाही, उलट एकाने मान डोलवली. माझ्यानंतर तो आत गेला. बराच वेळ आत होता. आतून दोनदा हसण्याचा आवाज आला. संध्याकाळी मॅडम आमच्या खोलीत आल्या, खिडकीकडे बघितलं, मग भिंतीकडे, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझंही काम फार चांगलं आहे." त्या 'ही'मध्ये सगळं आलं. तो खाली मान घालून हेल्मेटचा पट्टा सोडत होता, बांधत होता.

घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "त्याला मिळाली का?" आणि वाढता वाढता, "चांगला आहे गं तो मुलगा." मी ताट तसंच ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी मी टेबल आवरायला गेले तर तो माझ्या आधी आलेला. पहिल्यांदाच. म्हणाला, "ती जागा तुका गावाक व्हयी होती."

"नाही मिळाली ना, राहू दे रे आता."

"नाही, मी त्यांना पण सांगितलं. शेवटी विचारलं त्यांनी, तुम्हाला काही सांगायचंय का. म्हटलं, तिला द्या. मला लिहिता येत नाही, ती लिहिते चांगलं."

"मग?"

"हसले ते."

म्हणजे आतून जे हसणं ऐकू आलं, त्यातलं एक माझ्यावरचं होतं. माझी शिफारस करून त्याने माझी जागा घेतली होती, आणि त्याला हे कळतसुद्धा नव्हतं. एखाद्याने लबाडीने हरवलं तर निदान त्याला शिव्या घालता येतात. मी त्याला शुभेच्छा दिल्या. घाटकोपरच्या एका छोट्या हॉस्पिटलात नोकरी धरली आणि दिवसभर अंधाऱ्या खोलीत लोकांच्या गुडघ्यांना मशीन लावत बसले.

वर्ष व्हायच्या आत मॅडमचा फोन आला. तो जागा सोडून गेला होता.

काय झालं ते मॅडमनीच सांगितलं. परदेशातल्या मार्गदर्शकांबरोबर व्हिडिओवर मीटिंग होती. शब्द तर शेकड्यांनी जमले होते. ते बाई-बुवा सगळे सज्जन, त्याच्या कामावर खूश. फक्त एवढंच म्हणाले की चमक, कळ आणि सणक या तिघांना आमच्याकडे एकच शब्द आहे, तेव्हा हे तिन्ही एकत्र करा, म्हणजे मोजता येईल. तो म्हणाला, "ते तीन वेगळे आहेत." त्यांनी विचारलं, कसे? त्याने सांगितलं. चमक येते आणि निघून जाते, ती आली होती हे तुम्हाला ती गेल्यावर कळतं. कळ चढत जाते आणि माणसाला वाकवते. सणक भरते, आणि तुम्ही हलायचं थांबता, कारण हललात तर ती पुन्हा भरेल. पेशंट कुठला शब्द वापरतो त्यावरून सांधा आहे की नस आहे की पाठ आहे, हे पुष्कळदा कळतं. ते म्हणाले, हो, खरं आहे, पण तरी एकत्र करा. तो म्हणाला, विचार करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने खोलीची किल्ली मॅडमच्या टेबलावर ठेवली. "मॅडम, ह्या माका जमणा नाय," एवढंच. मॅडमनी खूप समजावलं. शेवटी रागावल्या. तो उभा राहून सगळं ऐकत होता आणि मग म्हणाला, "तुमचं डोकं भणभणतंय ना आता? मी जातो." आणि गेला.

"जागा रिकामी ठेवता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. "तू येशील?"

मी 'विचार करून सांगते' म्हणायला हवं होतं. मी लगेच हो म्हटलं.

जागा मिळाली, पण जागेबरोबर विषयही त्याचाच मिळाला. माझी सोनोग्राफी नाही, त्याचे शब्द. मंजुरी त्या विषयाला होती. मॅडमनी त्याने ठेवलेली सगळी रेकॉर्डिंग मला दिली आणि मी खिडकीच्या टेबलावर बसून कानात त्याचा आवाज घेऊन महिनेच्या महिने काढले. मागे हॉर्न, एखादा भाजीवाला, आणि हा निवांतपणे बोलतोय: "आज एक आजी म्हणाली, गुडघा रुसलाय. रुसलाय म्हणजे सूज नसावी, दमलाय. बघू." मी ते ऐकायचे, थांबवायचे, लिहायचे. मधेच तो स्वतःशी हसायचा. ते कुठल्या रकान्यात घालायचं मला कळायचं नाही.

काही शब्द अडायचे. फोनवर विचारलं तर म्हणायचा, "ये ना इकडे." त्याने भांडुपला स्वतःचा दवाखाना काढला होता, मग मी तिथे जायचे. टेकडीच्या चढावर, शिलाईच्या दुकानाच्या वर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाक आणि तो बाकावर. आतल्या खोलीत खुर्ची होती, तिच्यावर हेल्मेट. मला बघून त्याला खरोखर आनंद व्हायचा. शेजारच्या पेशंटला सरकायला सांगून मला बसवून घ्यायचा, घावणे मागवायचा आणि एकेका शब्दाबद्दल तासभर बोलायचा. आपला विषय मी घेतला, आपल्या टेबलावर मी बसते, याचा मागमूस त्याच्या बोलण्यात नसे. मी एकदा मुद्दाम म्हटलं, "तुझंच काम आहे हे. परत येतोस का?"

"कित्याक? तू करतंस ना."

"तुला वाईट नाही वाटत?"

तो विचारात पडला. प्रश्न त्याला खरंच नवा होता. "वाईट म्हणजे काय?" म्हणाला.

चमक, कळ आणि सणक मी एकाच खणात टाकले. खाली बारीक टाइपात एक टीप दिली. तसं केल्याशिवाय माझा शोधनिबंध कुणी छापला नसता, आणि छापला नसता तर भांडुपच्या टेकडीपलीकडे कुणाला हे शब्द कळले नसते. हे मी आजही कुणाच्याही समोर सांगेन. निबंधावर त्याचं नाव मी पहिलं घातलं होतं. त्याने फोन करून शेवटी टाकायला लावलं, म्हणाला, पहिल्याला सगळे प्रश्न विचारतात. छापून आल्यावर मी तो त्याला पाठवला. उत्तर आलं, "झकास." वाचला नसणार. त्या निबंधावर मला पीएचडी मिळाली, विभागात कायमची जागा मिळाली. मॅडम निवृत्त झाल्या. आता नव्या शिकाऊ डॉक्टरांच्या मुलाखती मी घेते, आणि दरवर्षी एखादा तरी मुलगा येऊन सांगतो, "मी भांडुपला सरांकडे काही महिने होतो." ते सांगताना त्याच्या तोंडावर जे येतं, ते माझ्याबद्दल बोलताना कुणाच्या तोंडावर आलेलं मी बघितलेलं नाही. मी त्या मुलांना घेते. चांगली असतात.

गेल्या वर्षी आईने पोळ्या करायचं बंद केलं. म्हणाली, कंटाळा येतो, पोळीवाली लाव. मी लावली. मग एक दिवस बघितलं, ती चहाचं पातेलं दोन्ही हातांच्या तळव्यांत धरून उचलत होती, बोटं न वाकवता. दिवसभर मी दुसऱ्यांची बोटं बघते. मी पातेलं तिच्या हातातून घेतलं आणि विचारलं, "आई, दुखतं का?"

"नाही गं."

"किती? दहापैकी?"

"असेल चार-पाच."

दुसऱ्या दिवशी तिला अंधेरीला नेलं. मीच मशीन लावलं. दोन्ही हातांत लाल ठिपके पेटलेले. औषध सुरू केलं, आठवड्याची गोळी कुठल्या वारी घ्यायची ते मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावलं. दर आठवड्याला मी विचारायचे आणि ती पाच म्हणायची. ठिपके कमी झाले तरी पाच, वाढले तरी पाच. ती काहीतरी सांगत नाहीये हे मला दिसत होतं. मी शब्दही विचारला, आमच्याच रीतीने. "दुखतं म्हणजे काय, आई?" ती म्हणाली, "अगं, दुखतं म्हणजे दुखतं. तू डॉक्टर ना?"

आणि मग एका रविवारी भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "मला एकदा त्या तुझ्या भांडुपच्या मुलाकडे दाखव."

सोमवारी सुट्टी टाकून मी गाडी काढली. मुलुंडहून भांडुप ते काय लांब. तो बाकावरच होता, अंगाने अजून आडवा झालेला, केस पांढरे. आईला त्याने आयुष्यात बघितलं नव्हतं, पण उठून तिचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "या काकू. किती ऐकलंय तुमच्याबद्दल." मी तिच्याबद्दल त्याला कधी काही सांगितल्याचं मला आठवत नाही. त्याने तिला आतल्या खोलीत नेलं. मीही उठले. रिपोर्ट माझ्या हातात होते.

"तू भायर बस," तो म्हणाला.

मी बाहेर बसले. मधे प्लायवूडची भिंत होती. सुरुवातीला काहीच ऐकू आलं नाही. तो प्रश्न विचारत नव्हता. मग आईचा आवाज यायला लागला, सावकाश, थांबत थांबत. "लाटताना नाही रे काही होत. लाटून झाल्यावर हात असा... परका होतो. माझा नाही असं वाटतं. ह्यांचं शेवटचं आजारपण होतं ना, तेव्हा ह्यांचा हात मी धरून बसायची, तो असाच लागायचा." आत खुर्ची सरकली. "ते आठवतं. म्हणून पोळ्या बंद केल्या. दुखतं म्हणून नाही." मग आई म्हणाली, "हिला सांगायला गेलं की ही लगेच मशीन लावते."

तो हसला असेल असं मला वाटलं. तो हसला नाही. म्हणाला, "मशीन चांगलं आहे तिचं, काकू. माझ्याकडे ते नाही. औषध ती देते तेच घ्यायचं." मग दोघं हळू आवाजात काहीतरी बोलत राहिले, आणि काही वेळाने आई हसल्याचं ऐकू आलं. बाबा गेल्यापासून ती तशी हसली नव्हती. माझ्या शेजारच्या बाईने विचारलं, "तुमचा कितवा नंबर?" मी म्हटलं, "मी पेशंट नाही."

आई बाहेर आली ती पदराने डोळे पुसत. तो दारापर्यंत आला, मला म्हणाला, "गोळ्या तुझ्याच चालू राहू दे. बरोबर आहेत," आणि पुन्हा बाकावर जाऊन बसला, दोन माणसांच्या मधे. आम्ही चढ उतरून गाडीपाशी आलो. मी दार उघडून धरलं. आई आत बसली, पट्टा लावायला तिची बोटं चाचपडली, मी वाकून तो लावून दिला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"काही नाही. गप्पा." ती समोर बघत होती. गाडी बरीच पुढे आल्यावर म्हणाली, "पुढच्या वेळी तू सुट्टी नको काढूस गं. मी रिक्षाने येईन. तू बाहेर बसलेली असलीस की मला नीट बोलता येत नाही."